जुने चामडे: तेल लावण्याआधी थांबा

हिंगोली शहरात आजही पत्ता सांगताना रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे सहज तोंडात येतात. निजामाच्या राजवटीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी इथे होती. १९०३ मध्ये ती फौज भारतीय सैन्यात सामावली गेली, वस्त्यांची नावे मात्र राहिली. रिसाला म्हणजे घोडदळ आणि घोडदळ म्हणजे चामडेच चामडे. खोगीर, लगाम, रिकिबीचे पट्टे, काडतुसांचे पट्टे, गुडघ्यापर्यंतचे बूट. स्वाराला घोड्याबरोबर हे सारे सामानही रोज पाहावे लागे, कारण भर दौडीत तुटलेला पट्टा जिवावर बेतू शकतो.

खोगिरे आता शोधावी लागतील, पण चामड्याचे जुने जॅकेट अनेक घरांत निघते. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्यांनी उत्तरेतल्या थंडीसाठी घेतलेले, राजदूत किंवा बुलेटवर फिरलेल्या वडिलांचे, नाही तर मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारातून हौसेने आणलेले. वर्षातले दहा महिने ते लोखंडी कपाटात पडून असते. दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर येते तेव्हा कॉलरवर पांढरट-हिरवी बुरशी असते, कोपरावर भेगा आणि बाह्या पुठ्ठ्यासारख्या कडक. मग घरोघरी ठरलेले उपाय सुरू होतात. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायचे, गच्चीवर कडक उन्हात टाकायचे, वरून खोबरेल नाही तर करडईचे तेल चोळायचे. चार दिवस जॅकेट चकाकते. पुढच्या वर्षी ते आणखी वाईट अवस्थेत निघते आणि दोष त्याच्या वयाला दिला जातो.

वयाचा दोष त्यात फार थोडा असतो. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फाखाली एका माणसाचा मृतदेह सापडला. ‘ओत्झी’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावरचा बकरी-मेंढीच्या कातड्याचा अंगरखा आणि अस्वलाच्या कातड्याची टोपी आज संग्रहालयात पाहता येते. पाच हजार वर्षे टिकते ते कातडे आपल्या कपाटात पंधरा वर्षांत का मरते? उत्तर थंडीत आहे, आणि तिच्यापेक्षाही स्थैर्यात. बर्फाखाली ऋतू फारसे बदलत नाहीत. हिंगोलीत बदलतात.

कमावलेले म्हणजे काय

प्राण्याचे कातडे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे बनलेले असते. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळून त्याचा एक धागा होतो आणि अशा असंख्य धाग्यांची गुंतागुंतीची वीण म्हणजे कातडे. ताज्या कातड्यात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यामुळे ते काही दिवसांत सडते. नुसते वाळवले तर लाकडासारखे कडक होते. या दोन्हींतून सुटका करणारी प्रक्रिया म्हणजे कमावणे. महाराष्ट्रात त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल, हिरडा, तरवड वापरले गेले. त्यांतले टॅनिन कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी जखडते. मग जिवाणूंना ते खाता येत नाही आणि पाणीही त्याला सहज बिघडवत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच पद्धतीचे. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. सालीने जे काम आठवड्यांत होते ते क्रोमियमने दिवसांत होऊ लागले आणि चामडे अधिक मऊ निघू लागले. आज बाजारातली बहुतेक जॅकेटे क्रोमियमने कमावलेली असतात, तर जुने पट्टे, खोगिरे, म्याने आणि पुस्तकांच्या बांधण्या बहुधा सालीच्या.

कमावल्यानंतरही चामडे पूर्ण कोरडे नसते. त्यात वजनाच्या साधारण बारा ते पंधरा टक्के पाणी राहते आणि कारखान्यात धाग्यांमध्ये मुरवलेली थोडी चरबी. पाणी धाग्यांना लवचीक ठेवते, चरबी त्यांना एकमेकांवरून सरकू देते. मराठवाड्याचे हवामान घाव घालते ते इथेच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते; चामडे आपले पाणी हवेला देते आणि आकसते. श्रावणात आर्द्रता ऐंशीच्या पुढे जाते. तेच चामडे पाणी शोषून फुगते. वर्षानुवर्षे चाललेल्या या ओढाताणीत धागे तुटतात. भेगा आधी कोपर, खिशाची कड आणि कॉलरच्या घडीवर दिसतात, कारण तिथे ही ओढाताण आणि घडी यांचे ओझे एकाच जागी पडते.

मोटेचे तेल जॅकेटला नको

चामड्याला तेल लावायचे हे शहाणपण कुठून आले? बरेचसे मोटेतून. विजेचे पंप येईपर्यंत दख्खनच्या विहिरींवर चामड्याची मोट चाले. ती दिवसभर पाण्यात बुडे, वर येई, उन्हात तापे. तिला वंगण लागेच, आणि करडईच्या तेलाला तापवून, घट्ट करून ते मोटेला आणि दोरांना लावण्याची रीत होती. मोट जाड होती, रोज वापरात होती आणि काही वर्षांनी बदलायचीच होती. तिच्यासाठी तो उपाय बरोबर होता.

जॅकेटचे चामडे मिलिमीटरभर जाडीचे असते, त्यावर रंगाचा आणि लेपाचा थर असतो आणि ते चाळीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. करडई आणि जवस ही ‘वाळणारी’ तेले आहेत. त्यांतली असंतृप्त मेदाम्ले हवेतल्या प्राणवायूशी जोडली जाऊन हळूहळू घट्ट, चिकट आणि शेवटी कडक थर बनवतात. जवसाच्या तेलात रंग कालवून चित्रे काढतात ती याच गुणामुळे. हा थर चामड्याच्या धाग्यांत तयार झाला की ते कायमचे ताठरते, आणि तो काढायचा मार्ग जवळपास नसतो. खोबरेल तेल असे वाळत नाही, पण २४ अंशांच्या खाली गोठते. हिवाळ्यात जॅकेटवर जी पांढरी पूड दिसते ती कित्येकदा बुरशी नसतेच, चामड्यातून वर आलेली आणि गोठलेली चरबी असते. ओळखायची खूण सोपी. बोट काही क्षण टेकवून ठेवले आणि पांढरेपणा विरघळला तर चरबी. तसाच राहिला, कापसासारखा निघाला आणि कुबट वास आला तर बुरशी.

हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही. लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण आणि सिडार तेल यांचे ‘ब्रिटिश म्युझियम लेदर ड्रेसिंग’ नावाचे मिश्रण जगभरच्या ग्रंथालयांनी विसाव्या शतकात पुस्तकांच्या बांधण्यांवर वर्षानुवर्षे चोळले. नंतर लक्षात आले की चामडे काळवंडते, चिकट होते, धूळ धरते आणि त्याचे आयुष्य काही वाढत नाही. संवर्धनतज्ज्ञांनी ही सवय बऱ्याच अंशी सोडून दिली. जॅकेट वापरात असेल तर मात्र थोडी चरबी लागते. पण थोडी म्हणजे चामड्यासाठीच बनवलेले क्रीम, नाण्याएवढे, मऊ फडक्यावर घेऊन, वर्षा-दीड वर्षातून एकदा. दुसऱ्या दिवशी हाताला तेलकट लागले तर जास्त झाले.

साबणाचीही तीच कथा. चामडे स्वभावाने आम्लधर्मी असते, कपड्यांचा साबण अल्कधर्मी. रोज तोंड धुवायच्या साबणाने त्वचा ओढल्यासारखी वाटते, तसेच इथे घडते. फरक एवढाच की जिवंत त्वचा स्वतःला सावरून घेते. जॅकेट आधी मऊ ब्रशने झाडावे, मग घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसावे. बहुतेक वेळा तेवढे पुरते. काहीही नवे लावण्याआधी कॉलरच्या आतल्या बाजूला किंवा खिशाच्या आत एका ठिकाणी करून पाहावे आणि एक रात्र थांबावे. बुरशीवर हळद चांगली म्हणून वसमतच्या बाजारपेठेतली उत्तम हळद कोणी चामड्यावर चोळली, तर बुरशीचे माहीत नाही, पिवळा डाग मात्र नक्की राहील.

ओले चामडे आणि ऊन ही जोडी सर्वांत घातक. ओल्या अवस्थेत तापवले की एका ठरावीक तापमानाला कोलॅजेनचा पीळ सुटतो, चामडे अचानक आकसते आणि त्याचे सरसात, म्हणजे जिलेटिनमध्ये, रूपांतर होऊ लागते. कच्च्या कातड्यात हे साधारण ६० ते ६५ अंशांना घडते, सालीने कमावलेल्यात ७५-८५ अंशांना आणि नव्या क्रोम चामड्यात शंभरच्या आसपास. पण जसजसे चामडे जुने आणि जीर्ण होते तसतसे हे तापमान खाली सरकते. फार खराब झालेले जुने चामडे चाळीस अंशांच्या आसपासही आकसते असे संवर्धकांना आढळले आहे. उन्हाळ्यात गच्चीवर पडलेले काळे जॅकेट याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून अवेळी पावसात भिजलेले जॅकेट आधी कोरड्या टॉवेलने टिपावे, खिसे रिकामे करावेत, जाड हँगरवर लावून सावलीत, वारा खेळतो तिथे दोन-तीन दिवस ठेवावे. हेअर ड्रायर, इस्त्री, चुलीजवळची जागा, सगळे वर्ज्य.

बुरशी, फवारे आणि फुप्फुसे

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशीचे बीजाणू अंकुरतात. ते हवेत नेहमीच असतात. त्यांना हवा असतो ओलावा आणि खाद्य. चामड्यावरचा घाम, मळ आणि प्रेमाने चोळलेले तेल हे उत्तम खाद्य. बुरशी आलेले जॅकेट घरात, पंख्याखाली झटकणे ही मोठी चूक. त्या एका झटक्यात लाखो बीजाणू खोलीभर होतात. बहुतेकांना शिंका आणि डोळ्यांची खाज यापलीकडे त्रास होत नाही, पण दम्याच्या रुग्णाला त्याने झटका येऊ शकतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, केमोथेरपी चालू असलेले किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले, त्यांनी या कामापासून पूर्ण दूर राहावे. त्यांच्यात ॲस्परजिलससारखी बुरशी फुप्फुसात शिरून गंभीर आजार करू शकते.

काम करणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, जॅकेट अंगणात न्यावे, आधी सावलीत पूर्ण सुकू द्यावे आणि वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने बुरशी आपल्यापासून दूर झाडावी. ओली बुरशी पुसली तर ती आत दाबली जाते. उरलेल्या डागांवर पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर अगदी थोडे घेऊन टिपता येते, मात्र रंग उतरतो का ते आधी पाहायला हवे. ब्रश आणि फडके नंतर टाकून द्यावे. जॅकेट फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही ऐकू येतो. थंडीने चामडे कुरतडणारे किडे आणि त्यांच्या अळ्या मरतात हे खरे, बुरशी फक्त झोपते.

पेट्रोलने डाग काढण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे. पेट्रोल डागाबरोबर चामड्यातली चरबीही विरघळवून नेते, त्यात कर्करोगकारक बेंझिन असते आणि बंद खोलीत त्याची वाफ पेट घेते. तिन्ही कारणांपैकी कोणतेही एक पुरे. फवाऱ्याच्या डब्यांबद्दल लोक जास्त निर्धास्त असतात. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात डिसेंबर १९९२ मध्ये चामड्यावर मारण्याच्या एका फवाऱ्याने अनेकांना खोकला, धाप, ताप, छातीत दुखणे असा त्रास झाला आणि आरोग्य यंत्रणेला तपास करावा लागला. पुढे युरोपातही पाणीरोधक फवाऱ्यांमुळे असे प्रसंग घडले. फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि जे रसायन चामड्यावर पाणी ठरू देत नाही तेच तिथल्या नाजूक पातळ थराला बिघडवते. फवारा मारायचाच असेल तर उघड्यावर. त्यापेक्षा डबीतले, फडक्याने लावायचे क्रीम बरे.

कपाटातल्या डांबरगोळ्या याहून जुनी सवय. नॅफ्थलीनची वाफ चामड्यात आणि अस्तरात मुरते. काही जणांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असते आणि नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे-पांघरुणे न धुता वापरल्याने नवजात बाळांना तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तान्हे मूल असलेल्या घरात आजोबांचे जॅकेट आणि बाळाची दुपटी एकाच कपाटात, आणि मध्ये डांबरगोळ्या, ही मांडणी आजच मोडावी.

त्वचेचाही एक प्रश्न आहे. कमावताना वापरलेले क्रोमियम तीन-संयुजी असते आणि ते तुलनेने निरुपद्रवी. पण ऊन, कोरडी उष्ण हवा आणि असंतृप्त तेले एकत्र आली की त्यातला थोडा भाग सहा-संयुजी क्रोमियममध्ये बदलू शकतो, आणि त्याची ॲलर्जी होते. मान, मनगट, कमरेला खाज, लाली, पाणी सुटणे ही तिची लक्षणे. युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. तेल चोळून उन्हात ठेवण्याच्या विरोधात हे आणखी एक कारण. जुने जॅकेट घातल्यावर पुरळ येत असेल तर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आत घालावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना पॅच टेस्टबद्दल विचारावे.

दुरुस्तीला केव्हा द्यावे

आधी हे पाहावे की वस्तू चामड्याची आहे का. ‘लेदर’ म्हणून विकलेली कितीतरी जॅकेटे कापडावर पॉलियुरेथेनचा लेप दिलेली असतात. हवेतल्या ओलाव्याने तो लेप रासायनिकरीत्या तुटतो आणि काही वर्षांत खपल्या पडू लागतात. त्यावर ना क्रीम चालते, ना कारागीर. चेनजवळ किंवा खिशाच्या आत कापलेली कड पाहावी: खऱ्या चामड्यात धागेदार, मखमलीसारखा गाभा दिसतो, नकलीत कापडाची वीण. काडीने जाळून पाहण्याचा प्रकार करू नये.

सालीने कमावलेला जुना पट्टा किंवा म्यान हाताळल्यावर बोटांना विटकरी पूड लागली तर तो वेगळा रोग. त्याला ‘रेड रॉट’ म्हणतात. १८४३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या अथेनियम क्लबमधले चामडे का झिजते याचा शोध घेतला आणि गॅसच्या दिव्यांतून येणाऱ्या गंधकाच्या वायूकडे बोट दाखवले. हवेतला गंधक शोषून चामड्यात आम्ल तयार होते आणि ते धागे तोडत जाते. अशा चामड्याला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, ते तिथे काळे आणि कडक होते. गेलेली ताकद परत येत नाही. संवर्धक हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात आणि पूड धरून ठेवतात, एवढेच. घरात आजोबांच्या फौजेतला असा पट्टा असेल तर तो कमरेला न लावता आम्लरहित कागदात आडवा ठेवावा.

जॅकेटची फाटलेली शिवण मात्र चांगला कारागीर उत्तम बसवतो. त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, टाके जुन्याच भोकांतून घालायचे. आरीने शेजारी नवी भोके पाडली की त्या ओळीवर चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते. दुसरी, फाटक्या जागी आतून रापीने तासलेल्या पातळ चामड्याचे ठिगळ लवचीक गोंदाने लावायचे. झटपट चिकटणारा गोंद काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेने नवी फाट सुरू होते. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती किंवा पेन्सिलीचे शिसे फिरवले की ती सरकते. पितळी बटणांभोवतीचा हिरवा मेणचट थर तांबे आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगाने होतो, तो लाकडी दातकोरणीने खरवडावा. पूर्ण जॅकेटला नवा रंग देणे हा शेवटचा पर्याय. झिजलेल्या कडांची, घड्यांची जी छटा जुन्या जॅकेटला मोल देते ती रंगाखाली जाते आणि परत मिळत नाही.

उरतो साठवणीचा भाग, आणि खरे तर सगळ्यांत जास्त फरक तोच पाडतो. रुंद खांद्यांचे लाकडी किंवा गादी लावलेले हँगर, वर जुन्या सुती चादरीची पिशवी. प्लास्टिकचे कव्हर कधीच नाही, त्यात ओलावा कोंडतो. कपाट पावसाची झड बसणाऱ्या भिंतीला चिकटून नसावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की त्या बदलाव्यात. आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळते. काटा ६५ च्या पुढे टिकू लागला की पावसाची उघडीप पाहून कपाटाची दारे तासभर उघडी ठेवावीत. उन्हाळ्यात उलट काळजी: पत्र्याच्या छताखालची खोली टाळून घरातल्या सर्वांत थंड खोलीत जॅकेट हलवावे. आणि डिसेंबरात ते घालावे. अंगावर असलेले चामडे हलते, त्याला हवा लागते, आणि बुरशीचा पहिला ठिपका वेळेवर दिसतो.